डिकीत डबा नको, बॉस!

अप्रेझल होतं, हातात चार पैसे एक्स्ट्रा येतात आणि आपल्यातल्या निम्म्या जनतेला एकदम साक्षात्कार होतो, की गाडीतली म्युझिक सिस्टिम काही खरी नाही. मग शनिवारची दुपार आणि नाना पेठ. दुकानदार आपल्याला स्टुलावर बसवतो, चहा मागवतो आणि भिंतीवरचे वीस-पंचवीस स्पीकर एकेक करून वाजवून दाखवतो. छातीत धडधडायला लागतं आणि त्या धडधडीलाच आपण 'क्वालिटी' म्हणतो. दोन तासांनी डिकीत भलामोठा काळा डबा, त्यावर निळे दिवे आणि कार्डावर सहा महिन्यांचा ईएमआय! वीकएंडला गावी जाताना बॅगा कुठे ठेवायच्या? मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर.

डब्याशी माझं वैर नाही. ज्याला हवा त्याने जरूर घ्यावा. पण माझी गाडी सेकंड हँड हॅचबॅक, बजेट बारा हजार, एक रुपया वर नाही. आणि मला हवी असलेली गोष्ट कुठल्याच दुकानाच्या बोर्डावर लिहिलेली नव्हती. मला गाडीत शब्द ऐकू यायला हवे होते.

त्याचं असं आहे, की माझे बाबा अंजनवेलला राहतात. गुहागर तालुका, वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथलं टोक. पुण्यात कुणाला गावाचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न अजूनही येतो, "म्हणजे एन्रॉन ना?" तो प्रकल्प १९९९मध्ये सुरू झाला, २००१मध्ये बंद पडला, २००५मध्ये नव्या सरकारी कंपनीकडे गेला, पण ओळख चिकटली ती चिकटलीच. बिचाऱ्या गोपाळगडाचं नाव कुणी काढत नाही. असो. महिन्या-दीड महिन्यातून मी तिकडे जाते, कधी ताम्हिणी-दापोलीकडून दाभोळच्या फेरीबोटीने, कधी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणवरून. तिथे गेलं की बाबांना डॉक्टर, बँक, बाजार यासाठी चिपळूणला न्यायचं. जाऊन-येऊन चार तास आम्ही दोघं गाडीत.

आणि गाडीत वाजते एक कॅसेट. म्हणजे आता मोबाइलवर, पण मूळ कॅसेट १९८८ सालची. माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, शक्ती-तुऱ्याचे शाहीर होते. गौरी-गणपतीत जाखडी रंगायची, एक पार्टी शक्तीची, एक तुऱ्याची. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जबाब द्यायचा. कुणीतरी टू-इन-वनवर तो अख्खा सामना टेप केला होता. काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज आहे तो एवढाच, नव्वद मिनिटांचा.

सवाल-जबाबात चाल कशी आहे याला दुय्यम महत्त्व. शब्द कळला नाही तर सगळंच फुकट. आणि बाबा शेजारच्या सीटवरून दर वेळी तेच म्हणायचे, "ढोलकी ऐकायला येते गं. भाऊ काय बोलतोय, ते कळत नाय." मी आवाज वाढवायचे. ढोलकी आणखी मोठी व्हायची. शब्द होते तिथेच.

चिपळूणला कानाच्या डॉक्टरांकडे बाबांची तपासणी झाली, तेव्हा याचा उलगडा झाला. त्या तपासणीचा एक आलेख देतात. डावीकडे खालचे, जाड सूर. उजवीकडे वरचे, बारीक सूर. बाबांची रेघ डावीकडे ठीकठाक आणि उजवीकडे जिन्यावरून उतरावी तशी खाली. वयाबरोबर बहुतेकांचं ऐकणं असंच, बारीक सुरांकडून कमी होत जातं. गंमत अशी, की आपल्या बोलण्यातले स्वर (आ, ओ, ऊ) खालच्या पट्टीत असतात आणि अर्थ ज्यांच्यावर उभा असतो ती व्यंजनं (स, श, फ, थ) साधारण दोन हजार हर्ट्झच्या वर. म्हणून "आवाज येतो, पण शब्द कळत नाही" ही तक्रार आपल्या घरातली मोठी माणसं करतात, तेव्हा ती शंभर टक्के खरी असते. आणि व्हॉल्यूम वाढवून फायदा होत नाही, कारण जाड सूर जोरात वाजले की ते बारीक सुरांना झाकून टाकतात. ढोलकी शब्दांना खाते ती अशी!

आता यात गाडीचा वाटा बघा. ताशी ऐंशीच्या वेगाने साध्या हॅचबॅकमध्ये सत्तर डेसिबलच्या आसपास घरघर असते. टायर, इंजिन, वारा. त्यातला बराचसा भाग जाड सुरांचा. म्हणजे ऑलरेडी झाकण बसलेलंच आहे, त्यावर आपण डिकीतल्या डब्याने दुसरं झाकण ठेवतो.

नाना पेठेत मी तीन दुकानं फिरले. पहिल्या दुकानदाराने खोक्यावरचा आकडा दाखवला, "मॅडम, बाराशे वॉट!" ज्यांचं कॉलेज दोन हजारच्या दशकात झालं त्यांना 'पीएमपीओ' आठवत असेल. दोन वीत उंचीच्या टेपरेकॉर्डरवर हजारांत वॉट लिहिलेले असायचे आणि प्लगमध्ये मात्र तेवढी वीज जातच नसायची. तोच फंडा अजून चालू आहे, फक्त आता 'मॅक्स पॉवर' म्हणतात. खोक्यावर बारीक अक्षरांत 'आरएमएस' शोधायचं. स्पीकर सलग किती पॉवर पेलतो, ते तिथे कळतं. गाडीतल्या साध्या हेड युनिटवर '५० वॉट गुणिले ४' असं झोकात लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात एका स्पीकरला सलग मिळतात साधारण पंधरा ते वीस वॉट.

पण पंधरा वॉट म्हणजे कमी, असं समजू नका. इथे एक आकडा जपून वाचायचा, सेन्सिटिव्हिटी. एक वॉट दिला, तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, तो हा आकडा. ८८ आणि ९१ यांत तीनचाच फरक दिसतो. पण पॉवर दुप्पट केल्यावर तीनच डेसिबल वाढतात. म्हणजे ९१चा स्पीकर ८८च्या स्पीकरएवढाच आवाज निम्म्या पॉवरमध्ये देतो. आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला हवा, तर दहा डेसिबल हवेत, म्हणजे दसपट पॉवर. म्हणून 'शंभर वॉटचा अ‍ॅम्प टाका' हा सल्ला खिशाला जितका लागतो तितका कानाला लागत नाही. ९०च्या वरचा स्पीकर घेतला, तर हेड युनिटच्या दहा वॉटवर शंभर डेसिबलपर्यंत मजल जाते. बाबांना आणि मला त्याच्या निम्मीही गरज नव्हती. अ‍ॅम्प कॅन्सल. सहा-सात हजार वाचले!

(गाडीतल्या संगीताचा खर्च हे दुखणं आजचं नाही. १९३०मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्व्हिनच्या कंपनीने 'मोटोरोला' नावाचा कार रेडिओ आणला, पुढे कंपनीचंही नाव तेच झालं. किंमत होती ११० ते १३० डॉलर. तीही ऐन महामंदीत. तेव्हाही कुणीतरी बायकोला "अगं, सेलमध्ये मिळाला" असं सांगितलंच असेल.)

मग बारा हजार घातले कुठे? पुढच्या दोन दारांत. फक्त पुढच्या. मागच्या स्पीकरना मी हातही लावला नाही, उलट फेडरवर त्यांचा आवाज जवळजवळ शून्यावर आणला. ऐकणारे दोघं पुढे बसतात. मागून येणारा आवाज थोडा उशिरा, काचांवर आपटून पोचतो आणि शब्द आणखी पुसट करतो. मागे मुलं असतील तर गोष्ट वेगळी; पण मुलांना हल्ली हेडफोन लागतात.

५,२०० रुपयांत कंपोनंट सेट मिळाला. कंपोनंट म्हणजे दाराच्या खालच्या भागात मोठा स्पीकर आणि छोटा ट्वीटर वेगळा, वर कानाच्या जवळ. को-अ‍ॅक्सिअल स्पीकरमध्ये ट्वीटर मोठ्या स्पीकरच्या पोटातच असतो, म्हणजे दारात खाली, पोटरीच्या पातळीवर. स्वस्त पडतो, बसवायला सोपा, त्यात वाईट काही नाही. पण बारीक सूर सरळ रेषेत जातात, वाटेत गुडघा आला की संपले. ज्या कानाला बारीक सूर आधीच कमी ऐकू येतात, त्याच्यासाठी ट्वीटर वर आणि माणसाच्या दिशेने वळवलेला हवा. आमच्या फिटरने डावा ट्वीटर बाबांच्या कानाकडे किंचित वळवून बसवला. त्याने आधी विचारलं, "कुणासाठी करायचंय, मॅडम?" हा प्रश्न तीन दुकानांत फक्त त्यानेच विचारला, म्हणून काम त्याला दिलं. तुमच्या गाडीत समोरच्या खांबात एअरबॅग असेल, तर त्या खांबाला स्क्रू मारू देऊ नका. आरशाजवळचा तिकोनी तुकडा असतो, तिथे जमतं.

यापुढचे २,४०० रुपये असे गेले की दिसायला काहीच दिसत नाही. माझ्या मते मात्र सगळ्यात वसूल पैसे हेच. दार म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा, भोकांचा. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा मागेही हवा ढकलतो. ती हवा भोकांतून फिरून पुढे येते आणि पुढच्या आवाजाला खाऊन टाकते. वर पत्रा स्वतः थरथरतो तो वेगळाच. आतून ब्युटाइलचे शीट चिकटवले आणि मोठी भोकं बंद केली, की तोच स्पीकर दुसऱ्याच गाडीतला वाटतो. शिवाय बाहेरची घरघर कमी होते आणि दार लावताना 'खण्ण'ऐवजी 'थप्प' असा महागड्या गाडीसारखा आवाज येतो. हा बोनस! निम्म्या किमतीत डांबरी शीट मिळतात. घेऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात ते मऊ पडतात, सरकतात आणि गाडीत रस्त्याचं काम चालू असल्यासारखा वास सुटतो.

कोकणात जाणाऱ्यांनी इथे दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघाव्यात. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते खालच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. उत्साहाच्या भरात तीही भोकं चिकटवली तर दारात विहीर होते आणि पत्रा आतून सडतो. दुसरं, दाराच्या आतल्या अंगाला प्लास्टिकचा कागद असतो, तो "काय कामाचा" म्हणून फाडून फेकतात. तो पाणी अडवतो. तो जागच्या जागी परत लागला का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

वायर कापू द्यायची नाही. हा नियम पाठ करा. तुमच्या गाडीच्या सॉकेटला बसणारा कपलर मिळतो. तो आणि स्पीकरखालच्या रिंगा मिळून ९०० रुपये झाले. वायर कापून टेप गुंडाळली की उद्या पॉवर विंडो बंद पडली तरी वॉरंटीवाला त्या टेपकडे बोट दाखवतो. नव्या गाडीत टचस्क्रीनवर कॅमेरा, सेटिंग्ज असं सगळंच चालतं, म्हणून तिथे हेड युनिट बदलायच्या फंदात न पडता फक्त स्पीकर आणि दारं करावीत. आणि कधी अ‍ॅम्प लावलाच, तर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. दुकानदार म्हणतो, "काही होत नाही." वायर घासून शॉर्ट झाली की काय होतं, ते आपण बातम्यांत बघतो.

मजुरी १,५००. झाले किती? दहा हजार.

गाडी ताब्यात घेण्याआधी घड्याळातला किंवा रिमोटचा दीड व्होल्टचा सेल मागून घ्या. जोडणी चालू असताना स्पीकरच्या दोन वायरींना तो क्षणभर टेकवायचा; प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर उडी मारतो, उलट असेल तर आत जातो. मात्र हे मोठ्या स्पीकरवरच, ट्वीटरवर नको. दोन दारांतले स्पीकर उलटसुलट जोडले गेले, तर दोघे एकमेकांचा आवाज मारतात आणि गायक गाडीच्या मधोमध वाटण्याऐवजी हवेत विरल्यासारखा वाटतो. लोक मग इक्वलायझरशी झटापट करत बसतात.

फुकटात होणारी कामंही सांगून टाकते. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा. ग्लोव्ह बॉक्समधली चिल्लर, पानं सुटलेलं मॅन्युअल, गॉगल बाहेर. मागच्या शेल्फखाली फोमची पट्टी. आणि ट्रायल दुकानात नाही, चालत्या गाडीत. आमच्याकडे टाळकेश्वराजवळच्या सड्यावर रात्री गाडी बंद करून वाजवलं, तर मोबाइलचा स्पीकरसुद्धा सॉल्लिड वाटतो. खरी परीक्षा काँक्रीटच्या रस्त्यावर, साठच्या वेगाने, काचा बंद, एसी दोनवर.

उरलेल्या दोन हजारांतले बाराशे मी कॅसेटवर खर्च केले. माझ्या मोबाइलमध्ये असलेली कॉपी चुलत भावाने कधीतरी टेपरेकॉर्डरसमोर फोन धरून केलेली होती. तिच्यावर कितीही भारी स्पीकर लावा, आडातच नाही! मूळ कॅसेट बाबांच्या ट्रंकेत होती. कोकणातल्या हवेने टेपच्या कडांवर पांढरी बुरशी धरली होती. बुधवार पेठेत अजूनही डेक दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी टेप नव्या खोक्यात घातली, बुरशी पुसली, डेकचं हेड स्पिरिटने साफ केलं आणि मग एक बारीक स्क्रू फिरवायला लागले. म्हणाले, "ज्या टेपरेकॉर्डरवर भरली, त्याच्या हेडचा कल वेगळा असणार. तो जुळला नाही तर बारीक आवाज मिळतच नाही. ऐका." स्क्रू पाव फेरा फिरला आणि कापडाआडून बोलणारा माणूस एकदम समोर आला. झांज झांजेसारखी वाजली. काकांच्या 'श'ला धार आली. डेकमधून केबलने लॅपटॉपमध्ये घेतलं, कॉम्प्रेस न करता. घरी जुन्या कॅसेट पडल्या असतील, तर स्पीकरच्या आधी हे काम करा. स्पीकर पुढच्या बोनसलाही मिळतील.

सेटिंग शेवटी एवढंच ठेवलं: शंभर हर्ट्झच्या खालचं हेड युनिटच्या फिल्टरवर कापलं, दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात दोन-तीन घरं वर. सफाईदार हिंदी गाणी यात थोडी कोरडी वाटतात. मी एकटी असले की दुसरं सेटिंग लावते, त्यात काय!

चिपळूणला निघालो तेव्हा मी काही सांगितलं नाही, फक्त फाइल लावली. पूर्वी व्हॉल्यूम चोविसावर असायचा, त्या दिवशी चौदावर. गुहागर मागे पडेपर्यंत बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. मग काकांचा सवाल आला, समोरच्या पार्टीचा जबाब आला, लोकांच्या टाळ्या आल्या आणि बाबा एकदम ताठ बसले. "अगं, मागे घे. मागे घे ते!" तीन वेळा मागे घेतलं. समोरच्या शाहिराने जबाब चुकीचा दिला होता. पुराणातली गोष्टच त्याने दुसरी सांगितली होती आणि टाळ्यांत ते खपून गेलं होतं. इतकी वर्षं त्या रात्रीचा तुरा समोरच्यांनी मारला असं गावात बोललं जायचं. "भाऊ जिंकलेला!" बाबा म्हणाले. चिपळूण येईपर्यंत त्यांनी दोघा-तिघांना फोन करून हे कळवलं. त्यातल्या एकाला ऐकूच येत नव्हतं, म्हणून ओरडून.

यातला एक भाग मात्र जमलेला नाही. डॉक्टरांनी श्रवणयंत्राची ट्रायल घ्यायला सांगितली होती. बाबा आधी "बघू" म्हणत होते. आता म्हणतात, "मशीन कशाला? गाडीत सगळं ऐकायला येतं की." गाडीत येतं, बाबा. पण घरात आई स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा तिच्या तोंडापुढे ट्वीटर नसतो. पुढच्या महिन्यातली चिपळूणची अपॉइंटमेंट मी घेऊन ठेवली आहे. कॅसेटची बी साइड अजून त्यांना ऐकवलेली नाही. ती चिपळूणच्याच रस्त्यावर वाजणार, जाताना अर्धी आणि ट्रायल झाली तर येताना उरलेली.